घळीतली चिंधी

मिस्त्रीनं गॅरेज आवरताना चिंध्यांची बादली पालथी केली आणि एकेक चिंधी उलटून पाहिली. राखाडी चिंध्या होत्या, जुन्या बनियनच्या होत्या, पायजम्याचा एक पाय होता. पिवळी, फुलाफुलांची, सगळ्यांत मोठी चिंधी तेवढी नव्हती.

एका चिंधीपायी एवढं काय, असं कोणीही म्हणेल. म्हणणाऱ्यानं इंजिन उघडलेलं नसतं.

ताईच्या व्हॅनमधून तेल गळत होतं. इंजिनाला हवा वाटून देणाऱ्या नळ्यांचा जो पसारा वर बसवलेला असतो, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, त्याच्या मागच्या कोपऱ्यातून. तेल ओघळून गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडायचं आणि गाडीत करपल्याचा वास सुटायचा. मिस्त्रीनं खपून तो सगळा पसारा उतरवला होता. त्याच्याखाली, सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधे, एक घळ असते आणि तिच्यातली भोकं थेट खालच्या तेलाच्या टाकीत उतरतात. सांध्यातलं जुनं गास्केट, म्हणजे तेल गळू न देणारी पट्टी, खरवडताना कचरा आत जाऊ नये म्हणून या घळीत चिंधी कोंबायची ही रीत आहे, आणि त्यानं ती पिवळी कोंबली होती. मॅनिफोल्ड परत बसवण्याआधी ती काढायची, ही त्याहून मोठी रीत.

राहिली, तर गाडी तिथल्या तिथे बंद पडत नाही, हेच वाईट. ती गुमान चालते. चिंधीचे धागे सुटत जातात, खाली जाऊन तेलाच्या जाळीवर बसतात, वर तेल चढेनासं होतं आणि इंजिन चालता चालता जाम होतं. सपाट रस्त्यावर हे झालं तर खिशाला खड्डा. घाट उतरताना झालं तर स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेकवर दोन्ही पायांनी उभं राहिलं तरी गाडी ऐकत नाही.

आणि ताई घाटातच होती. मागच्या सीटवर आई होती.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, घाटापलीकडच्या शहरात. दुपारीच ताई आईला घेऊन गॅरेजात येऊन उभी राहिली होती. आईला टेबलाजवळच्या खुर्चीत बसवून ती थेट बॉनेटपाशी आली.

"ढब्या, झालं का?"

लहानपणी तो गोल गरगरीत होता. आता अंगावर मूठभर मांस नव्हतं, तरी ताईसाठी तो ढब्याच होता.

"झालं. पण कोपऱ्यांच्या फटी बुजवायला सिलिकॉन लावलंय. रात्रभर सुकू दे."

"रात्रभर? मग आईला काय मी खांद्यावर घेऊन जाऊ?"

ताईला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलेलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी मारलं तर मास्तरांशी भांडायला ताई जायची आणि घरी आल्यावर वरून दोन तीच द्यायची. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? "बरं, सावकाश ने," एवढं म्हणून त्यानं बॉनेट लावलं.

आता तो रिकाम्या बादलीसमोर उकिडवा बसून आठवत होता. चिंधी काढली, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. ती घळीत तशीच आहे आणि वरून मॅनिफोल्ड बसतोय, हेही तितकंच स्पष्ट दिसत होतं. ताई सारखी मागे बोलत होती. त्यामुळे खरं कुठलं आणि भीतीनं रंगवलेलं कुठलं, ते कळेना.

बायको चहा घेऊन आली आणि त्याचा चेहरा बघून तिनं कप तिथेच ठेवला. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"फोन लावा ना."

"गाडी चालवताना ती फोन पिशवीत टाकते. तिचा नियम आहे." तरी त्यानं लावला. घंटा वाजत राहिली.

"मग बसलात काय? स्कूटर घ्या."

पान्यांची पिशवी पायाशी ठेवून तो निघाला. गावाबाहेर पडेपर्यंत तो स्वतःची समजूत घालत होता. घाट सुरू झाला आणि समजूत संपली. मन चिंती ते वैरी न चिंती. प्रत्येक वळणावर तो आधी कठडा बघायचा. शाबूत दिसला की श्वास सोडायचा आणि पुढच्या वळणापर्यंत पुन्हा धरून ठेवायचा. हात इतके घामेजले होते की स्कूटरची मूठ निसटत होती. मधूनच करपल्याचा वास यायचा. ट्रकांचे ब्रेक तापले असतील, असं म्हणून तो पुढे जायचा.

एका वळणावर माणसं कठड्यावरून खाली वाकून बघत होती.  स्कूटर कशी थांबली ते त्याला कळलं नाही. स्टँडवर न लावताच सोडल्यामुळे ती आडवी झाली, आणि तो धावत कठड्यापाशी गेला. खाली झाडावर माकडं होती. एक बाई त्यांना केळं फेकत होती.

"काय हो, बरं वाटत नाही का?" तिनं विचारलं.

 त्यानं स्कूटर उचलली.

घाटमाथ्यावर, जिथून उतार सुरू होतो त्याच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ताईची व्हॅन उभी होती. ताई कठड्यावर बसून पाणी पीत होती. आईला लघवीला जायचं होतं म्हणून थांबली होती. तेवढ्यानं वाचली.

"तू? इथे? दुकान कुणाच्या भरवशावर टाकलंस?"

"किल्ली दे. इंजिन चालू करू नको."

"अरे पण झालं काय?"

"घळीत चिंधी राहिली. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

त्यानं सांगितलं.  ताईनं समोरच्या उताराकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि तिच्या हातातल्या बाटलीतलं पाणी हलायला लागलं. ताई घाबरते, हे त्याला माहीतच नव्हतं. त्यामुळे त्याचा उरलासुरला धीरही गेला. त्यानं बॉनेट उघडलं, पाना काढला, आणि आईला उतरवावं म्हणून मागचं दार सरकवलं.

आई पाय लांब करून बसली होती आणि चष्मा पुसत होती. पिवळ्या, फुलाफुलांच्या चिंधीनं.

"आई," तो म्हणाला, "हे कुठून घेतलंस?"

"तुझ्या टेबलावरून. माझी चादर आहे ती. फाडताना विचारलंत का कुणी मला? डोळे अंधूक झाले म्हणून काय चादर ओळखू येत नाही? तुम्ही दोघं तिच्यावर लहानाचे मोठे झालात. म्हटलं, एक तुकडा तरी राहू दे."

मिस्त्री तिथेच मातीत बसला. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. ताईनं त्याच्या डोक्यात एक टपली मारली.

"माझा जीव घेशील एक दिवस. ऊठ. अंधार पडायच्या आत उतरलेलं बरं." तिनं किल्लीसाठी हात पुढे केला.

बॉनेट उघडंच होतं. लावण्याआधी एक नजर टाकायची, म्हणून सवयीनं तो वाकला.

मागच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन ओल्या साबणासारखं बाहेर आलं होतं. फटीतून उरलंसुरलं तेल ओघळत होतं, पाइपवर पडत होतं आणि तिथून बारीक धूर निघत होता. गाडीखाली काळं थारोळं होतं. त्यानं तेलाची कांडी ओढून पाहिली. टोकालासुद्धा काही लागलं नाही. मागे वळून पाहिलं, तर आल्या रस्त्यावर वळणापर्यंत काळे थेंब पडलेले. तो मघाशी त्यांच्यावरूनच आला होता, कठडे बघत.

चोर सोडून संन्याशाला फाशी. चिंधी बिचारी चष्मा पुसत होती.

ताई शेजारी येऊन उभी राहिली. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

"वास येत होता रे," ती हळू म्हणाली. "म्हटलं, ट्रकांचा असेल." मग बाटलीचं झाकण लावत, "रात्रभर सुकू दे म्हणाला होतास."

"आणि मग मीच बरं म्हणालो."

दोघंही उताराकडे बघायचं टाळत होती. शेवटी ताई रस्त्याच्या कडेला गेली आणि शहराकडे जाणाऱ्या गाड्यांना हात करू लागली. किल्ली तिनं पुन्हा मागितली नाही.

फट किती उघडली आहे ते नीट दिसावं म्हणून कोपरा पुसायला हवा होता. मिस्त्रीनं खिसे चाचपले. चिंध्यांची बादली गॅरेजात पालथी पडली होती.

खिडकीतून आईनं तो पिवळा तुकडा पुढे केला. "घे."

"राहू दे, आई. शर्टानं पुसतो."

"घे म्हणते ना."

त्यानं घेतला. घेताना आईनं त्याचा हात धरून ठेवला.

"आता तर चिंधी सापडली ना? मग हात का कापतोय?"

त्यानं हात सोडवून घेतला आणि तेल पुसायला बॉनेटखाली वाकला.