सुई आणि घास

सर्जेरावांना जेवायला बसवायचं म्हणजे त्यांच्या बायकोला, बेबीनंदाला, रोजची लढाई होती. सकाळी सुई, मग भाकरी. दुपारी नुसतं ताट. संध्याकाळी पुन्हा सुई, पुन्हा भाकरी. शुगरच्या डॉक्टरांनी घालून दिलेलं हे वेळापत्रक तिनं असं काही घट्ट धरलं होतं, की मोबाइलचा गजर झाला की पलीकडच्या घरातली चांगुणाबाईसुद्धा म्हणायची, ‘‘झालं, सर्जेरावभाऊची सुई आली.’’

आणि सर्जेराव म्हणजे जन्मभर विहिरी खोदलेला माणूस. जाफराबादकडच्या किती शिवारांत त्यांनी सुरुंग लावून पाणी काढलं, त्याचा त्यांनाही पत्ता नव्हता. खाली उतरलेला गडी वर यायचा तो भूक लागली म्हणूनच. मग दगडमाती वर ओढायच्या यारीच्या सावलीत, विहिरीच्या काठावर बसून ठेच्याबरोबर चार भाकरी उडवायच्या आणि पुन्हा दोराला लटकून खाली. अशा माणसाला कुणी घड्याळ दाखवून ‘जेवा आता’ म्हटलं, तर त्याचं डोकं फिरायचंच.

‘‘भूक लागंल तवा खाईन की,’’ ते म्हणायचे. ‘‘बैल बी भूक नसली तर गव्हाणीत तोंड घालत न्हाई. मी काय बैलाच्या खाली गेलो का?’’

‘‘बैलाला सुई न्हाई टोचत मी,’’ बेबीनंदा म्हणायची. ‘‘बसा गुमान.’’

ऐकणाऱ्यांची करमणूक व्हायची. बेबीनंदाची होत नव्हती. तिला भीती वाटायची, आणि ती भीती उन्हाळ्यापासूनची होती. एके सकाळी सुई टोचून झाली, ती भाकरी थापत होती, तेवढ्यात सर्जेराव ‘आलोच’ म्हणून बाहेर गेले आणि कुणाशी तरी बोलत रमले. ती शोधत गेली तर हापशापाशी बसलेले, सदरा घामानं चिंब. भर उन्हात तिच्याकडे बघून म्हणाले, ‘‘आये, दिवा लाव ना. अंधार कशाला करून ठिवला?’’

त्यांची आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. तिनं त्यांना धरून घरी आणलं, ताटावर बसवलं, चार घास गेल्यावर स्वारी भानावर आली आणि उलट तिलाच म्हणाली, काय झालं एवढं रडायला? तिनं कुणाला काही सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते यांना दवाखान्यात ठेवून घेतील, या धास्तीनं तिथंही गप्प बसली. स्वतःच्या मनाशी मात्र तिनं एक ठरवून टाकलं. वेळ चुकली म्हणून हे झालं. आता वेळ चुकू द्यायची नाही.

तेव्हापासून ती गजर लावू लागली. आणि तेव्हापासूनच सर्जेराव जेवायला जास्त कुरकुर करू लागले, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी तिनं त्याला हट्टच म्हटलं असतं.

भादव्यातली पौर्णिमा आली. गावच्या विहारात वर्षावासासाठी भंतेजी मुक्कामाला होते. रोज दिवेलागणीला ग्रंथवाचन व्हायचं आणि वाचायचा मान बेबीनंदाचा, कारण तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. पौर्णिमेला ती आणि बाकीच्या बाया पांढरी लुगडी नेसून अष्टशील घ्यायच्या. त्या दिवशी सूर्य माथ्यावरून ढळला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत घास नाही. पाणी चालतं, गाळलेलं सरबत चालतं, बस.

सर्जेराव शीलाला कधी बसले नव्हते. बाबासाहेबांच्या जयंतीला मिरवणुकीत पुढे असायचे, पण विहारात मांडी घालून बसायचं म्हटलं की गडी पसार. त्या सकाळी मात्र ते आंघोळ करून, पांढरा सदरा-पायजमा घालून ओसरीवर येऊन उभे राहिले.

‘‘आज मी बी शील घेतो,’’ ते म्हणाले.

बेबीनंदानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘कळली मला तुमची चलाखी. संध्याकाळची भाकर चुकवायला शील पाह्यजे का?’’

ती हसली. ते हसले नाहीत. एवढ्यावर तिनं थांबायला हवं होतं, भंतेजींना जाऊन एक शब्द विचारायला हवा होता. पण खरं सांगायचं तर ती मनातून फुलून गेली होती. लग्न झाल्यापासून तिला वाटत होतं की या माणसानं एकदा तरी आपल्याबरोबर विहारात यावं. आणि तो आला तेव्हा साऱ्या बाया वळून बघत होत्या, एकीनं तर हळूच विचारलंही, ‘‘काकू, मालक शीलाला?’’ अशा वेळी उठून ‘हा आजारी आहे, याला जमेल का’ असं विचारायला तिची जीभ उचलली नाही.

दुपारच्या आत तिनं त्यांना जेवायला वाढलं. पिठलं-भाकरी. सर्जेरावांनी अर्धी भाकरी कशीबशी संपवली.

‘‘पोट भरलं का? आता थेट सकाळी हाये.’’

‘‘बराबर हाये,’’ ते म्हणाले आणि हात धुतले.

संध्याकाळी गजर झाला.

सून दीपमाला पहिलटकरीण म्हणून माहेरी आष्टीला गेलेली. मुलगा प्रितम स्वतःची जीप चालवायचा, तो दिवसभर जाफराबादच्या फेऱ्या मारून बाहेरच काहीतरी खाऊन यायचा. त्यामुळे घरात चूल पेटलेली नव्हती. बेबीनंदा हातात औषधाची बाटली घेऊन थंड चुलीपाशी उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या गजराचं काय करावं ते कळेना. ताट तर द्यायचं नाही. मग सुई? डॉक्टरांचे शब्द तिला पाठ होते. सुई चुकवायची नाही. उन्हाळ्यात वेळ चुकली तर हा माणूस मेलेल्या आईला हाका मारत बसला होता. आज ताट चुकणार, ते चुकणारच. निदान सुई तरी चुकू नये.

हा तिचा हिशोब होता, आणि तो तिला अगदी सरळ वाटला. तिनं रोजच्याइतकंच औषध भरलं आणि त्यांच्या पोटाला सुई टोचली.

मग सरबत. विहारात सगळ्यांसाठी पातेलंभर लिंबाचं सरबत असायचं, चांगलं गोड. ते यांना कसं चालणार? तिनं घरून लिंबू पिळून, मीठ घालून, साखरेचा कण न टाकता बाटली भरून घेतली. विहारात बायांनी ते पाहिलं आणि तिचं कौतुक केलं. किती जपते गं नवऱ्याला! सर्जेराव ते खारं पाणी मुकाट्यानं प्यायले. बाकीच्यांनी पातेलं पुसून काढलं.

बेबीनंदा ग्रंथ उघडून बसली. वाचता वाचता तिची नजर मधूनच पुरुषांच्या बाजूला जायची, भिंतीला टेकून बसलेल्या त्या पांढऱ्या सदऱ्याकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला बरं वाटलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ते कपाळ पुसत होते. उकाडा होता, सगळेच पुसत होते. ती पुढं वाचत राहिली. तिसऱ्यांदा पाहिलं तर त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली होती आणि शेजारच्या रखमाजींच्या खांद्याला धरून त्यांना काहीतरी दाखवत होते. रखमाजी कानकोंडे होऊन हसत होते.

तिचा आवाज अडखळला. तिनं ओळ पुन्हा वाचली.

‘‘यारी थांबवा!’’ सर्जेराव ओरडले. ‘‘दोर सुटून राह्यला! खाली माणूस हाये, दिसत न्हाई का!’’

एक दोन पोरं फिस्सकन हसली आणि त्यांच्या आयांनी त्यांना चापट मारली. बेबीनंदा उठली कधी, बायांमधून वाट काढत पलीकडे पोचली कधी, तिला कळलं नाही. सर्जेरावांचे हात बर्फासारखे गार पडले होते आणि अंगातून पाणी वाहत होतं. डोळे उघडे होते, पण ते तिला बघत नव्हते.

‘‘अहो! अहो, मी हाये. बेबी.’’

‘‘दोर धर,’’ ते म्हणाले.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी हापशापाशी वेळ चुकली नव्हती. घास चुकला होता. सुई टोचली होती आणि घास पोटात गेला नव्हता. आज तिनं स्वतःच्या हातांनी तेच केलं होतं, वर साखर टाळून पाण्यात मीठ घालून दिलं होतं.

‘‘साखर आणा,’’ ती किंचाळली. ‘‘कोणी बी, काही बी गोड आणा!’’

‘‘पण आक्का, भाऊचं शील हाये,’’ मागून कुणीतरी म्हणालं. वाईट हेतूनं नव्हे, पण बेबीनंदाला त्या क्षणी त्या आवाजाचा गळा धरावासा वाटला.

भंतेजी तोवर आपल्या खोलीतून मधाची बाटली घेऊन आले होते. ‘‘आजाऱ्याला औषध द्यायला शील आड येत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मध औषधच आहे. द्या लवकर.’’

पण सर्जेराव तोंड उघडेनात. दातांवर दात घट्ट बसलेले. त्यांनी तिचा हात झटकला. ‘‘खानार न्हाई,’’ ते दातांतूनच म्हणाले, ‘‘उजाडस्तोर खानार न्हाई.’’ विहिरीतल्या त्या अंधारातही तेवढं एक त्यांना बरोबर आठवत होतं. रखमाजींनी त्यांचं डोकं धरलं आणि बेबीनंदानं मधात बुडवलेलं बोट ओठांच्या आत, हिरड्यांवर फिरवलं. ते कडकडून चावले. तिनं बोट काढलं नाही. थोडं थोडं करत ती मध चोळत राहिली आणि मनात एकच घोकत राहिली, मीच टोचली, मीच टोचली.

कुणीतरी प्रितमला फोन केला. जीप विहाराच्या दारातच आली. गावापासून जाफराबादपर्यंतचा रस्ता बेबीनंदाच्या ओळखीचा होता, पण त्या संध्याकाळी तो संपतच नव्हता. सर्जेरावांचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती दर खड्ड्याला त्यांच्या नाकाशी हात नेऊन बघत होती. प्रितमनं आरशातून दोनदा विचारलं, ‘‘आई, हायेत ना?’’

दवाखान्यात त्यांनी शिरेतून साखरेचं पाणी चढवलं. थोड्या वेळानं सर्जेरावांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘वाचन झालं का?’’ तेव्हा कुठं बेबीनंदाचा जीव भांड्यात पडला. मग ती रडली, चांगली हुंदके देऊन.

डॉक्टर तरुण होता, पण ओरडला नाही. ‘‘सुई आणि घास ही जोडी आहे, मावशी. जेवणार नसतील त्या वेळी आधी आम्हाला विचारायचं. घड्याळ बघून नुसती सुई टोचायची नाही.’’ तिनं मान डोलावली. बोटाला पट्टी बांधून घेताना सुद्धा ती मान डोलावतच होती.

सकाळी उजाडल्यावर नर्सनं सर्जेरावांपुढे उपम्याची ताटली ठेवली. त्यांनी एक अक्षर न बोलता, औषध घेतात तशी ती संपवली. बेबीनंदा चमच्याकडे बघत होती. शेवटचा घास गेला तेव्हा तिनं श्वास सोडला.

प्रितम चांगुणाबाईच्या घरून डबा घेऊन आला आणि जीप लावायला गेला. बेबीनंदानं डब्याचं झाकण काढलं. वांग्याच्या भाजीचा वास आला आणि तिला एकदम जाणवलं, आपण काल दुपारपासून उपाशी आहोत. तिला लाज वाटली, पण हात थांबेना. मोठमोठे घास घेत ती खात सुटली. वर पाहिलं तर सर्जेराव कुशीवर वळून तिच्याकडे टक लावून बघत होते.

‘‘लई भूक लागली का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘लागली की.’’

‘‘कुठं लागती?’’

पुन्हा सुरू झालं का? तिनं घाईनं त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. डोळे साफ होते, आणि या वेळी ते तिलाच बघत होते.

‘‘भानावर हाये मी,’’ ते म्हणाले. ‘‘खरंच इचारतो. मला न्हाई लागत आता. उन्हाळ्यापसून लागत न्हाई.’’

‘‘लागत न्हाई म्हंजे?’’

‘‘म्हंजे येतच न्हाई. सकाळी न्हाई, संध्याकाळी न्हाई. म्हनून म्हनायचो, लागंल तवा खाईन. वाट बघून राह्यल्तो मी. तू घड्याळावर भाकर पुढं ठिवायची, मंग भुकेला यायला जागाच न्हाई ऱ्हायची, असं वाटायचं. काल म्हटलं, शील घेऊ. अर्धा दिवस पोट रिकामं ठिवलं तर नक्की येईल. न्हाई आली, बेबे. दाणापाणी उठलं वाटतं माझं. भ्या वाटतंय मला.’’

या माणसानं खडकात सुरुंग पेटवून दोरानं वर चढताना कधी हा शब्द काढला नव्हता. बेबीनंदाला वाटलं, आता आपण काहीतरी बोललं पाहिजे, हसून वेड्यात काढलं पाहिजे. डॉक्टरला विचारू, गोळी असंल, असं म्हटलं पाहिजे.

‘‘सांग ना,’’ सर्जेराव म्हणाले. ‘‘कशी लागती?’’

‘‘हितं,’’ तिनं बेंबीच्या वर हात ठेवला. ‘‘आतून ओढल्यावानी होतं. मंग काही सुचत न्हाई.’’

सर्जेरावांनी आपला हात बरोबर त्याच जागी स्वतःच्या पोटावर ठेवला. डोळे मिटले. खाली खोल कुठं पाणी लागतंय का ते ऐकावं तसे ते बराच वेळ निश्चल पडून राहिले. बेबीनंदा भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

मग त्यांनी डोळे उघडले आणि नाही अशी मान हलवली.