ट्रंकेवरचा पत्ता

‘शेवंतीचं रोप, नेलं परक्या वाफ्याला
तिथंच मूळ धर, नको बघू गं मागं मला...’

लग्नाच्या आदल्या पहाटे आई जात्यावर बसून हे गायली होती. घरघर थांबली, पीठ सुपात भरून झालं, तरी तो सूर काही शेवंताच्या कानातून गेला नाही. त्रेचाळीस वर्षं झाली. पठाणकोट, जोधपूर, झाशी, सिकंदराबाद अशी क्वार्टरं बदलत गेली. जातं कुठंच नव्हतं. मग कुठं स्वेटर विणताना, कुठं गहू निवडताना, जिथं हात चालला तिथं ओवी चालली. आईनं सांगितल्याप्रमाणं शेवंता प्रत्येक वाफ्यात मूळ धरायची, आणि मूळ जरा खोल गेलं की नवऱ्याच्या बदलीचा हुकूम यायचा.

हुकूम आला की सुभेदार शहाजी निकम एक काम स्वतःच्या हातानं करायचे. मोठी काळी पत्र्याची ट्रंक बाहेर ओढायची, पॉलिश पेपरनं जुना पत्ता घासायचा, काळ्या रंगाचे दोन हात मारायचे आणि वर पांढऱ्या रंगात नवा पत्ता लिहायचा. सुंदर अक्षर होतं त्यांचं. शेवंता लांबून बघायची. कुठं जायचं ते तिला बऱ्याचदा ट्रंकेवर वाचूनच कळायचं.

दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये येऊन मात्र बारा वर्षं झाली. ट्रंक पलंगाखाली गेली ती गेलीच.

यंदा नाताळच्या सुट्टीत मुलगा पृथ्वीराज, सून सुकन्या आणि नात वैभवी आठवडाभर पुण्याला निघाले. दारात बॅगा, टॅक्सीवाल्याचा फोन, सगळी गडबड.

“आई, चला की तुम्हीपण,” सुकन्या शेवटचं म्हणाली.

“आमची सुट्टी घरातच,” शहाजीरावांनी परस्पर उत्तर दिलं. “आठ दिवस टीव्ही बंद, मिक्सर बंद. शांतता!”

“हनिमून आहे यार त्यांचा, तू कशाला मधे पडतेस,” पृथ्वीराज म्हणाला, आणि बापाचे डोळे वटारलेले बघून पटकन लिफ्टमध्ये शिरला.

घर एकदम मोठं झालं. शहाजीरावांनी चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, “एक तारखेला गावाहून धाकट्या भावाचा फोन येईल. सांगून टाकतो, संक्रांतीला येतो म्हणून. कायमचे.”

शेवंतानं कढईत डोकं घातलं. गावातलं घर दिवाळीतच बांधून झालं होतं. साताऱ्याच्या अंगाला, माळावर, दोन खोल्या आणि पडवी.

“आणि ऐक, पडवीत तुझ्यासाठी जातं बसवलंय. सांगणार नव्हतो. गेल्यावर दाखवणार होतो.” त्यांच्या मिशीखाली हसू मावेना. “एवढी वर्षं गावाच्या आठवणीनं गुणगुणतेयस. आता खऱ्या जात्यावर बस.”

“तुमची मर्जी,” ती म्हणाली.

तिला वाटलं, तोंडातला घास आहे हा, गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही. दुसऱ्या कशाला नाही म्हटलं असतं. पण या माणसानं आपल्यासाठी जातं बसवलंय.

सोमवारी ट्रंक निघाली. वरच्या जुन्या चादरी काढून त्यांनी ती बाल्कनीत ठेवली आणि घासायला बसले. शेवंता खाली बागेत गेली. दिल्लीच्या थंडीत ऊन बागेत भेटतं, घरात नाही. बाकावर सरला विणकाम घेऊन तिची जागा धरून बसलेली. रोहतकची बाई, तिसऱ्या मजल्यावरची, ओंजळभर शेंगदाणे आणि पोटभर गप्पा. कुंड्यांमध्ये शेवंती फुलली होती. तिला इकडं गुलदाउदी म्हणतात, म्हणून सरला शेवंतालाही तेच म्हणायची.

“गुलदाउदी, ऊपर से घिस-घिस क्या आ रही है?”

“पेटी रंगवतायत. गांव जाना है.”

सरलाच्या सुया थांबल्या. “तू जाना चाहती है?”

शेवंतानं कुंडीतलं एक वाळलेलं पान खुडलं.

“बोला सूबेदार साहब को?”

“कैसे बोलूं? इतने प्यार से घर बनाया.”

“लो! फौज में उसने अफसर से छुट्टी मांगी होगी कि नहीं? और तू अपने आदमी से नहीं मांग सकती?” सरलानं शेंगदाण्याची टरफलं झटकली. “मैं बोलूं?”

“नको, नको!” शेवंताच्या तोंडून मराठीच निघालं, आणि सरलाला ते बरोबर समजलं.

मंगळवारी रंगाचा पहिला हात झाला. बुधवारी दुसरा. ऊन नव्हतं, धुक्यात रंग वाळेना. शहाजीराव दर तासाला बोट लावून बघत आणि बोट पायजम्याला पुसत.

“अहो, तो पायजमा धुवायचा कुणी?”

“गावी नदीवर धुऊ.”

“गावच्या नदीला पाणी असतं का?”

“नसलं तर विहिरीवर,” असं म्हणून ते खूश. त्यांच्या प्रत्येक गोष्टीला आता गाव चिकटलं होतं. त्यांच्या आनंदावर आपण पाणी ओतायचं कसं, या विचारानं शेवंताच्या भाजीत त्या दिवशी मीठ दोनदा पडलं. त्यांनी मुकाट्यानं दही घालून खाल्लं.

गुरुवारी धुकं इतकं दाट, की समोरची इमारत पुसून टाकल्यासारखी. एरवी दर दोन मिनिटांनी डोक्यावरून घरघरत जाणारी विमानंही अडकून पडली होती. सोसायटीतली मुलं सुट्टीला गेलेली. एवढी शांतता, की मटाराच्या शेंगेचा टचकन फुटण्याचा आवाज ऐकू यावा.

आणि शेवंता मटारच सोलत होती. पाच किलो, फ्रीझरमध्ये भरून ठेवायला. वैभवीला मटार-भात आवडतो. आपण नसलो तरी होळीपर्यंत पुरतील. बाल्कनीच्या उंबऱ्यात ती, पलीकडं ट्रंकेपाशी शहाजीराव. त्यांनी पांढरा रंग ढवळला, ब्रश बुडवला, नाव लिहायला घेतलं. हात चालू लागला तसा तिचा सूरही चालू झाला. नेहमीसारखाच, अर्धा ओठांत, अर्धा पोटात.

‘माझ्या गं बाल्कनीत, विमान वाकून बघतं
शेवंताचं बिऱ्हाड, कुठं गं असंल म्हणतं...’

शहाजीरावांचा ब्रश ‘निकम’च्या म वर होता. तिथंच राहिला.

‘रोहतकची सरला, जशी पाठची बहीण
तिच्या माझ्या उन्हाची, एका सुईची वीण...’

टचकन शेंग फुटली. दाणे ताटात पडले.

‘पत्र्याची गं ट्रंक, पलंगाखाली निजली
नका उठवू तिला, आत्ता कुठं ती रुजली...’

“शेवंता.”

ती दचकली. त्यांच्या ब्रशावरून पांढरा थेंब काळ्या पत्र्यावर पडला आणि हळूहळू खाली ओघळला. अक्षरांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, पण त्यांनी तो पुसला नाही.

“पुन्हा म्हण.”

“काय म्हणू? असंच काहीतरी...”

“ही गावची ओवी नाही.”

“नाही.”

“कुणाची मग?”

“माझीच.” तिनं शेंगांची साल गोळा केली. गोळा झालेली पुन्हा गोळा केली. “मी कुठं गावच्या म्हणते? जिथं असते तिथल्या म्हणते. झाशीला किल्ल्याच्या होत्या. जोधपूरला वाळूच्या. तुम्हाला वाटलं...”

“मला वाटलं तुला गाव आठवतंय.” ते खाली बसले, रंगाच्या डब्याशेजारी, थंडगार फरशीवर. “त्रेचाळीस वर्षं मला वाटलं, हिला घेऊन आलो आणि हिचं गाणं तिकडंच राहिलं. म्हणून तर ते जातं...”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणूनच तर बोलले नाही.”

धुक्यातून कुठूनसा सरलाचा आवाज आला, भाजीवाल्याशी मुळ्यावरून भांडत होती. शेवंताला हसू फुटलं, आणि तिच्याकडं बघून शहाजीरावांनाही.

“किती भांडते ही बाई!”

“चांगली आहे हो.”

“चांगलीच असणार. ओवीत जाऊन बसलीय.” त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला आणि ट्रंकेपाशी नेला. नावाखालची जागा काळीभोर, मोकळी होती. आजवर अकरा पत्ते त्यांनी न विचारता लिहिले होते. हात पत्र्यापासून बोटभर अंतरावर थांबला. त्यांनी मान वळवली.

“काय लिहू?”

शेवंतानं मांडीवरचं ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले.

“उन्हाळ्यात जाऊ गावी, महिनाभर,” ती म्हणाली. “तुमच्या जात्यावर दळीन. तुम्हाला भाकरी करून घालीन. पण तिकडं कायमचं राहायला मला जायचं नाही. मला इथंच राहायचंय. द्वारका लिहा.”