स्वतःच्या घरातली शेजारीण

घर विकायचं ठरलं तसा दलाल एका सकाळी येऊन सगळ्या खोल्यांतून फिरला. भिंतींवर टकटक करून पाहिलं, नळ सोडून पाहिले, गॅलरीत उभा राहून वारा किती येतो ते पाहिलं, आणि चहाचा कप हातात घेऊन घरच्या यजमानांना धडा द्यायला बसला.

"गिऱ्हाईक दारात पाऊल टाकतं ना, तेव्हाच त्याचं अर्धं ठरलेलं असतं. तेव्हा दिवे सगळे लावा, पडदे बाजूला सारा. गळका नळ आजच्या आज दुरुस्त करा. नळ गळताना दिसला की माणसाच्या मनात येतं, आणखी काय काय गळतंय कोण जाणे! माळ्यावरचा पसारा काढा. भिंतीवरचे फोटो उतरवा. परक्याला इथे त्याचा संसार दिसला पाहिजे, तुमचा नव्हे."

सल्ला रास्त होता. त्यात खोट काढावी असं काही नव्हतं. मग त्याने कप खाली ठेवला आणि आवाजही खाली आणला.

"आणि गिऱ्हाईक यायच्या वेळी वहिनींना जरा बाहेर पाठवा."

"ते का?" यजमानांनी विचारायचं म्हणून विचारलं.

"नवरा गेलेली बाई समोर आली की लोक बिचकतात हो. चांगले शिकलेलेसुद्धा. शिवाय विचारतात, यांचा हिस्सा किती? नसती पीडा. त्यांची हक्क सोडल्याची सही शेवटी घेऊन टाकू. तोपर्यंत, पसारा आवरायचा म्हणजे सगळाच आवरायचा."

झालं! गळका नळ, माळ्यावरची खोकी आणि वहिनी एकाच ओळीत जाऊन बसल्या. स्वयंपाकघराचं दार काही जाड नव्हतं. वहिनींनी ऐकलं, आणि दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला.

हे घर दोघा भावांनी मिळून घेतलेलं. चष्म्याचं दुकानही दोघांचंच होतं. थोरला भाऊ गेला, दुकान धाकट्याकडे, म्हणजे यजमानांकडे, आलं, आणि दुकानाच्या मागोमाग घरही त्याचंच आहे असं सगळे धरून चालले. कुणी तसं ठरवलं नव्हतं. अशा गोष्टी ठरवाव्या लागतच नाहीत, तिथेच तर मेख आहे. थोरल्याची बायको स्वयंपाकघरात होती तिथेच राहिली. कागदावर थोरल्याचं नाव होतं तसंच राहिलं. कागद कपाटात होता आणि कपाटाची किल्ली धाकट्याच्या खिशात.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिच्या पोटातल्या जळफळाटाची आहे.

धाकटी जाऊ अंगाने बुटकी आणि वहिनी चांगल्या उंच. थोरल्या दिरांनी मोठ्या हौसेने स्वयंपाकघरातल्या फळ्या बायकोच्या हाताला येतील अशा ठोकून घेतल्या होत्या. धाकटी लग्न होऊन आली ती स्टुलावर चढली, आणि आजतागायत चढउतरच करत होती. साखर काढायची, चढ स्टुलावर. पातेलं हवं, चढ. वहिनी मात्र बोलता बोलता हात वर करायच्या आणि डबा खाली यायचा. नुसतं ते बघून धाकटीच्या अंगाची लाही व्हायची.

त्यात आल्यागेल्याला कौतुक वहिनींचंच. "घर ठेवावं तर तुमच्या जाऊबाईंनी!" हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की आता पाहुणा तोंड उघडायच्या आतच तिला ते ऐकू यायचं. तिची स्वतःची मुलगी वहिनींना मोठी आई म्हणायची आणि वेणी घालून घ्यायला त्यांच्याकडेच धावायची.

"माझ्या घरात मी पाहुणी," ती नवऱ्याला म्हणायची. "सगळीकडे त्यांचाच हात लागलेला. मला माझं घर हवंय."

म्हणून तर हे घर विकून गावाबाहेर नव्या इमारतीत घर घ्यायचं ठरलं होतं. तिथल्या ओट्याच्या फरशीचा रंग धाकटीने स्वतः निवडला होता. फळ्या कुठे ठोकायच्या त्याच्या खुणाही तिने मनात करून ठेवल्या होत्या, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. वहिनींसाठी बाहेरच्या खोलीत एक दिवाण.

रविवार आला की वहिनी पर्स घेऊन समोरच्या बागेत जाऊन बसत. बाकावरून त्यांना आपली गॅलरी दिसायची. तिथे परक्या बायका येऊन उभ्या राहायच्या, कठड्याला रेलायच्या, कुंडीतली पानं चाचपायच्या. कुणी नवऱ्याचा दंड धरून हसत काहीतरी दाखवायची. वहिनी काही संत नव्हत्या. त्यांनाही हेवा वाटायचा, आणि चांगला कडकडून वाटायचा. नवरा असलेल्यांचा, घर बघायला निघालेल्यांचा, आणि सगळ्यांत जास्त धाकटीचा. कुणी तिला "जरा बाहेर जा" म्हणत नव्हतं.

"मधल्या वारी कुणी न सांगता टपकलं तर?" यजमानांनी एकदा शंका काढली.

तोडगा धाकटीने काढला. "वहिनी, सरळ सांगा, मी शेजारीण. किल्ली माझ्याकडे ठेवलीय म्हणा. हाय काय नि नाय काय!"

धाकटीला त्या रात्री फार छान झोप लागली.

आणि झालंही तसंच. रविवारी घर पाहून गेलेल्यांपैकी एक नर्सबाई होत्या. तिशी उलटलेल्या, अविवाहित, सरकारी दवाखान्यात नोकरी. त्यांना घर आवडलं होतं. पण त्यांच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरनी बजावलं होतं, "घर दोनदा बघावं. पहिल्यांदा सांगून जावं आणि दुसऱ्यांदा न सांगता. सांगून गेलं की घर नटून बसलेलं असतं." म्हणून सकाळची पाळी संपवून त्या सरळ येऊन थडकल्या. घरात वहिनी एकट्याच होत्या.

"मी... शेजारीण," वहिनी म्हणाल्या. जीभ अडखळली, पण म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे असते."

"बरं झालं," नर्सबाई मोकळेपणाने म्हणाल्या. "शेजाऱ्यांनाच विचारायचं होतं. खरं सांगा हं, घरात काही दोष?"

वहिनींना त्या क्षणी हातात सुरी मिळाल्यासारखं झालं. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल होती. दलालाने तिच्यासमोर कपाट सरकवून ठेवलं होतं. एक शब्द बोलला की व्यवहार गडगडला असता, धाकटीची नवी फरशी गेली असती, दिवाण गेला असता. बोलावं का? त्यांना फार मोह झाला. पण तेवढ्यासाठी या घराला नावं ठेवायची? त्या गप्प राहिल्या, मग त्यांनाच ते गप्प राहणं खोटं वाटलं.

"कपाट हलवून बघा," त्या शेवटी म्हणाल्या. "ओल आहे. वरच्या मजल्याचा पाइप दुरुस्त केला की जाईल. बाकी घर गुणाचं आहे. उन्हाळ्यात मधल्या खोलीत झोपा, गार असते. ओट्यावरचा नळ हळू सोडा, नाहीतर पदर भिजतो."

बोलता बोलता त्यांनी मागे न बघता खुंटीवरचा टॉवेल ओढला, हात पुसले, आणि वरच्या फळीवरून चहाचा डबा काढला. नर्सबाई बघत होत्या. आजारी माणसाच्या खाटेजवळ बसलेलं कोण घरचं आणि कोण बाहेरचं, हे ओळखण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांनी चहा घेतला आणि कप नेऊन ठेवताना त्यांचाही हात सहज वरच्या फळीला लागला.

पुढच्या रविवारी बैठक बसली. टेबलाभोवती यजमान, दलाल, धाकटी आणि नर्सबाई.

"कुणी पुरुष माणूस नाही आलं बरोबर?" दलालाने विचारलं.

"घर मी घेतेय. पुरुष माणसाला हवं असेल तर त्याने त्याचं वेगळं बघावं."

धाकटीला हसू आलं आणि लगेच हेवाही वाटला. ही बाई स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर घर घेणार. वर उंचही आहे मेली! फळ्यांना हात पुरणार हिचा.

सहीसाठी लागणार म्हणून आज वहिनींना बागेत पाठवलं नव्हतं. त्या चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि तो ठेवून दाराशी उभ्या राहिल्या. खुर्च्या चारच होत्या.

"शेजारीण म्हणालात, पण तुम्ही इथेच राहता ना?" नर्सबाईंनी विचारलं.

दलाल खाकरला. यजमान हसले. "अहो, या आमच्या वहिनी. माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. त्यांचं काही नाही यात. हक्क सोडल्याची सही देणार आहेत त्या."

"भावाचं नाव कागदावर आहे?"

"होतं. म्हणजे आहे. पण तो गेला ना."

"मग त्यांचा हिस्सा यांचा झाला. राहणार कुठे या?"

"आमच्याबरोबर, आणखी कुठे! रस्त्यावर टाकतोय का आम्ही?"

"नव्या घरावर नाव कुणाचं?"

"माझं!" यजमानांचा आवाज चढला. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या त्या माणसाला आपली बायको आपल्याकडे बघतेय हे दिसलं नाही. "घर काय बायकांच्या नावावर करतात? हिचंसुद्धा नाही त्यात. हिने काय फरशीचा रंग निवडला तेवढंच!"

दलाल हसला. यजमानही हसले.

धाकटीच्या कानात ते हसू घण घातल्यासारखं वाजलं. फरशीचा रंग! तिने सगळ्या बायकांना सांगितलं होतं, माझं घर, माझं घर. उद्या नवरा गेला की आपणही दाराशी ट्रे घेऊन उभ्या. आपल्यालाही कुणीतरी सांगेल, जरा बागेत जाऊन बसा. सांगणारी बहुधा घरातलीच कुणी असेल. जिच्यावर इतकी वर्षं जळत आलो तिच्याकडे होतं तरी काय? एक हात उंचावरची फळी! आणि खरी किल्ली होती ती भलत्याच खिशात. तिकडे आपण कधी बघितलंसुद्धा नाही.

वाचकहो, धाकटीला त्या क्षणी वहिनींची दया आली असं सांगायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोला? तिला राग आला होता, स्वतःसाठी. आणि राग आला म्हणून ती उठली.

ती स्वयंपाकघरात गेली. परत आली ती स्टूल घेऊन. तेच, चढून चढून पाय झिजलेलं. तिने ते टेबलाशी ठेवलं.

"बसा वहिनी."

"अगं, हे काय?" यजमान म्हणाले.

"त्यांना शेजारीण म्हणायला मी शिकवलं," धाकटी नर्सबाईंना म्हणाली. "त्या शेजारीण नाहीत. अर्धं घर त्यांचं आहे. त्यांची हक्क सोडल्याची सही मिळणार नाही, आणि त्यांनी द्यायची म्हटली तरी मी देऊ देणार नाही. आणि अहो, नव्या कागदावर माझं नाव चढल्याशिवाय या घरातली वाटीसुद्धा मी हलवणार नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"इतके दिवस फिरलेलं होतं. आता कुठे ताळ्यावर आलंय."

दलालाने कागद आवरायला घेतले. "मॅडम, घरगुती भांडण आहे हो. मी तुम्हाला दुसरं घर दाखवतो."

"मला हेच हवंय," नर्सबाई म्हणाल्या. "मी थांबेन. पण पैसे दोन ठिकाणी देईन, अर्धे यांना आणि अर्धे त्यांना. दोघांनीही विकल्याच्या सह्या करायच्या."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या स्टुलावर टेकल्या होत्या. कित्येक वर्षांत त्या टेबलाशी त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

"मला दिवाण नको, भाऊजी," त्या म्हणाल्या. "एक खोली बघेन मी. लहान चालेल. आतून कडी लावता आली म्हणजे झालं."

यजमान तणतणले, दार आपटून दुकानात गेले, नातेवाइकांना गोळा करून आले. नातेवाइकांनी दोघी जावांना यथेच्छ नावं ठेवली. व्यवहार पुढे गेला तो वाद दमल्यावर, आणि दोघींच्या अटींवरच. हे सोपं नव्हतं. सोपं असतं तर लिहायची गरज पडली नसती.

तुम्ही उद्या घर बघायला जाल. भिंती ठोकून बघा, नळ सोडून बघा, कपाटं हलवून बघा. आणि त्या घरातून आज कुणाला बाहेर पाठवलंय, तेही विचारा. मग आपल्या घरी येऊन तोच प्रश्न पुन्हा विचारा.

वहिनींनी खोली घेतली तेव्हा धाकटी बघायला गेली. खोलीत ऊन होतं आणि कुंडी खिडकीत होती. फळ्या सगळ्या उंच, एकटीच्या हाताच्या मापाने ठोकलेल्या. धाकटीचा हात पुरेल असं काही नव्हतं. आतून लावायची कडी नवी कोरी होती. धाकटीने ती एकदा सरकवून बघितली, पुन्हा एकदा सरकवून बघितली.

"काय गं?" वहिनींनी विचारलं.

"हेवा वाटतोय तुमचा," धाकटी म्हणाली.

"वाटू दे," वहिनी म्हणाल्या, आणि हात वर करून चहाचा डबा काढला.