पेंटरची जुनी फिल्म

"मागच्या वर्षीची फिल्म आणा," सीटी स्कॅनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आमचे हे एकदम छताकडे बघायला लागले. तीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, की हे छताकडे बघतात तेव्हा काहीतरी उपद्व्याप करून बसलेले असतात.

हे पाट्या रंगवतात. न्यूमोनिया म्हणून तीनदा औषधं झाली, पण खोकला हटेना. नव्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात पांढरा डाग दिसला, आणि त्यातून श्वासनळ्या मात्र मोकळ्याच गेलेल्या.

"लिम्फोमा असू शकतो, एक प्रकारचा कॅन्सर," बाई म्हणाल्या. "डाग मागच्या वर्षीही एवढाच असेल, तर हा न्यूमोनिया नव्हे. लगेच सुई घालून तुकडा तपासू. तेव्हा नसेल, तर आणखी थोडं थांबून बघता येईल."

जुना स्कॅन काढला ते सेंटर कधीच बंद पडलेलं. फिल्म होती ती आमच्याकडेच.

"अहो, कुठंय ती?"

"आहे की. कामात आहे."

"कसल्या कामात?"

"अगं, स्टेन्सिल कापलंय तिचं. असं चिवट प्लास्टिक विकत मिळत नाही."

मी तडक दुकानात गेले. फिल्मवर 'रंग ओला आहे' अशी ठळक भोकं, वर निळ्या रंगाची खरपुडी. ती घासताना यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग ती पदरात गुंडाळून तशीच दवाखान्यात धावले.

बाईंनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. आधी खुदकन हसल्या, मग नाक चिकटेल इतक्या जवळ गेल्या. अक्षरांनी निम्मी छाती खाल्ली होती. शब्दांमध्ये एवढी जागा कशाला सोडता म्हणून मी यांच्याशी जन्मभर भांडले, आणि 'ओला' नि 'आहे'च्या मधे डाग शाबूत होता. तेवढाच. तिथेच.

"सुई घालायची," बाई म्हणाल्या.

यंत्रात झोपवून, डाग पडद्यावर बघत बघत त्यांनी तुकडा काढला. आठ दिवसांनी आम्हाला समोर बसवलं.

"लिम्फोमाच आहे. पण मंद चालीचा. औषधाला चांगली दाद देतो."

"म्हणजे माझ्याकडे किती महिने आहेत?" यांनी विचारलं.

"महिने कशाला मोजता? वर्षं मोजा."

मी यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भर दवाखान्यात हमसून हमसून रडले.

"अगं, लोक बघताहेत," हे पुटपुटले.

"बघू देत," मी म्हटलं.