नवशीच्या छातीचा फोटो

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुनाच दोष. जव्हार संस्थानच्या दवाखान्यात मी कंपौंडर झालो तोही बहुतेक त्यापायीच. बाटल्या भरायच्या, पुड्या बांधायच्या, पट्ट्या गुंडाळायच्या. हाताला उसंत नसते आणि डोकं गप्प राहतं. पण सन सत्तावीसच्या कार्तिकात मुंबईहून नवशीच्या छातीचा फोटो आला, आणि त्या दिवसापासून हातात काम असूनही डोकं काही गप्प राहीना.

नवशी वावर गावाजवळच्या एका पाड्यावरची. वय असेल वीस-बावीस. गुडघ्याच्या वर हाडालाच गाठ धरली होती. आमच्या डॉक्टरसाहेबांनी ती चाचपली, तोंड वाकडं केलं आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. तिचा नवरा लाडक्या तिला बैलगाडीतून डहाणूच्या स्टेशनापर्यंत घेऊन गेला, पुढे आगगाडी. निघताना काय करायचं, काय नाही, हे सांगायचं काम माझ्याकडे. मी ते अर्ध्या पायावर उभा राहून उरकलं, कारण दारात वीस माणसं खोळंबली होती.

मुंबईच्या डॉक्टरांचा हिशेब सरळ होता. असला हाडाचा कॅन्सर पसरला तर आधी फुप्फुसात जातो. म्हणून क्ष-किरणांच्या यंत्राने छातीचा फोटो काढायचा. छाती स्वच्छ असली तर पाय मांडीतून कापायचा, बाई जगेल. छातीत डाग दिसला तर कापून उपयोग नाही, तिला घरी धाडायचं. डाग दिसला. तिला घरी धाडली.

लाडक्याने आणलेलं पत्र वाचून डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "रघु, तिला कशाला सांगतोस? आहेत ते दिवस सुखाचे जाऊ देत."

मग मीच ओसरीवर जाऊन तिला सांगितलं, "पाय कापायची गरज नाही." खोटं त्यात एका अक्षराचं नव्हतं. नवशीने दोन्ही हातांनी तो सुजलेला पाय कवटाळला आणि ती इतकी गोड हसली की मला आत जाऊन उगाच हात धुवावेसे वाटले.

फोटो मी औषधांच्या खोलीतल्या खिडकीला लावला. काळी फिल्म, त्यात बरगड्यांचे पांढरे पट्टे, हृदयाची सावली, आणि डाव्या बाजूला बोराएवढा गोल ठिपका. सकाळी येताच मी त्याच्यापुढे उभा राही. दुपारी पुन्हा. खोकल्याचं औषध घोटता घोटता माझी मान तिकडेच वळे. ठिपक्याच्या वरच्या अंगाला एक बारीक पांढरी शेपटी होती. तिचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

"साहेब, कॅन्सर इतका गोल असतो?" मी एकदा विचारलंच.

"फुप्फुसात गेलेला गोलच असतो."

"आणि ही शेपटी?"

"असेल एखादी शीर. तू डॉक्टर कधी झालास? ते मलम राहिलंय बघ."

मलम केलं. पण त्या शेपटीने माझा पिच्छा सोडला नाही. पाचवा आठवडा लागला तेव्हा दुखण्यावरच्या गोळ्या पोचवायच्या सबबीवर मी रजा मागितली आणि सकाळीच चालू पडलो. फोटो कापडात गुंडाळून बरोबर घेतला. का, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो मागे ठेवून जाववेना, एवढंच.

नवशी अंगणात पाय पसरून नागली निवडत बसली होती. खोकला नाही, धाप नाही. गाठ मात्र वाढली होती, वरची कातडी ताणून चकाकत होती. ऊन अंगावर आलं म्हणून तिला सावलीत सरकवायला मी पाठीमागून हात घातला, तो डाव्या खांद्याच्या खाली बोटांना काहीतरी टणक लागलं.

"हे काय गं?"

तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. लाडक्या कुडाला टेकून तंबाखू मळत होता, तोच म्हणाला, "नवसाची सुपारी हाय. हिरवादेवाची. ढवळू भगताने बांधली. ती कोनाला दाखवत नाय, न् नवस फिटल्याबिगर काढत नाय."

काळ्या दोऱ्यात ओवलेलं मळकं फडकं, आत अख्खी सुपारी, वर शेंदराने थिजलेली गाठ.

"ही मुंबईलाही होती?"

"होती," नवशी म्हणाली.

"फोटो काढताना?"

"तवा पन होती. केसांखाली राहली."

"अगं, अंगावर काही ठेवू नको म्हणून सांगितलं होतं ना मी?"

ती चिडली. "तू सांगलास, चांदी नको, पितळ नको, लोखंड नको. मी समदा काढून लाडक्याच्या हातात दिला. सुपारी काय लोखंड हाय?"

नव्हती. सुपारीचीही सावली फोटोत पडते, पण मी धातूंचीच यादी म्हणून दाखवली होती आणि तिने ती तंतोतंत पाळली होती. मला त्या क्षणी माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मी फोटो कापडातून सोडला, हृदयाची सावली डावीकडे येईल असा धरला, खांद्याला खांदा जुळवला आणि तिच्या पाठीवर टेकवला. खालून ती सुपारी फिल्मला लागली. ठिपका नेमका तिच्यावर आला आणि शेपटी गाठीवर.

मी उठलो, अंगणाला दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसलो.

"नवस काय बोलली होतीस?"

"माना पाय राहू दे," ती म्हणाली. "न् देवाने राखला. मुंबईचा डाक्तर कापनार होता, त्याने कापला नाय. खळ्यातला भात घरात आला की कोंबडा देऊन सुपारी सोडीन."

म्हणजे तिच्या लेखी सगळं मनासारखं झालं होतं. पाय वाचवण्यासाठी बांधलेल्या सुपारीनेच पाय वाचवला होता. आता तो कापू दे म्हणून मलाच सांगायचं होतं, आणि ते सांगायचं तर आधीचंही सांगणं भाग होतं. मला पळून जावंसं वाटलं, हे कबूल करतो. मी सगळं सांगितलं. डाग दिसला म्हणून कापला नाही, डागवाली माणसं जगत नाहीत, पण तो डाग बहुधा ही सुपारी आहे, पुन्हा फोटो काढायला हवा, आणि छाती स्वच्छ निघाली तर पाय द्यावा लागेल.

लाडक्याच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. नवशी नागलीतले खडे एका बाजूला करत होती. ते तिने पाच-सहा केले आणि मग विचारलं, "तू माना हसत सांगलास, पाय कापायचा नाय. तवा तुला ठाव होता, मी मरायला घरी चालली?"

"हो."

"न् गप राहलास."

"हो."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पण हात मागे नेऊन दोरा ओढला, तो तुटेना, तेव्हा लाडक्याला म्हणाली, "कोयता आन."

मुंबईला या वेळी मी बरोबर गेलो. फोटोच्या खोलीच्या दाराशी मी तिला नखशिखान्त विचारलं. कपडा, दोरा, बी, मणी, केसांत खोचलेलं काही. ती म्हणाली, "आता कातडी तेवढी राहली." दुसरा फोटो डॉक्टरांनी पहिल्याच्या शेजारी धरला. मग चष्मा काढून म्हणाले, "छाती स्वच्छ आहे." पण पुढेही बोलले. पाच आठवडे गाठ अंगात वाढली आहे. फोटोत न दिसणारं बारीक काही निघून गेलं असेल तर आज सांगता यायचं नाही. दर तीन महिन्यांनी फोटो काढावा लागेल.

मी बाहेर आलो. नवशी बाकावर बसली होती, शेजारी लाडक्या. मनात आलं, आज एवढं पुरे, पहिलंच सांगावं.

"छाती स्वच्छ आहे," मी म्हणालो. "पाय उद्या कापतील."

तिने मांडीवर हात ठेवला आणि ती जागा हळूहळू चोळली. लाडक्या रडत होता, ती नव्हती.

"न् तिसरा काय?" तिने विचारलं.

"तिसरं काय?"

"तू पोटात ठेवलास ता."

मग मी तेही सांगितलं, पाच आठवड्यांचं आणि तीन महिन्यांचं. सांगताना मी हात खिशात घातले. खिशात ती सुपारी होती. पाड्यावरून निघताना तिनेच सांभाळायला दिली होती. मी ती काढून तिच्यापुढे धरली.

"तुझ्यापाशीच राहू दे," नवशी म्हणाली. "अंगावर घेतली त परत फोटोत येल. तीन महिन्यांनी मी विचारीन, तवा आधी ही माझ्या हातात देशील, न् मंग समदा सांगशील."