बंगईवरचा शेवटचा वाद

मित्रांनो, तुम्ही मला झोपाळा म्हणाल. इकडे देवळीत मला बंगई म्हणतात. त्या रविवारी पुंडलिकराव माझ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. शेजारी त्यांची मुलगी मंजुषा होती. ती वर्ध्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. दर रविवारी ती येई आणि दोघं वाद घालत.

"ख्रिस्ती धर्म नवा होता तेव्हा त्यात दोन मतं होती," ती सांगत होती. "काही म्हणत, देह म्हणजे तुरुंग, येशूचं शरीर हा नुसता भास. दुसरे म्हणत, नाही. त्याला भूक लागायची, तो थकायचा, आणि मेल्यावर उठला तोही देहानिशी. मला पहिलं मत सुटसुटीत वाटतं."

"मंग तो त्याचा चेला थोमा काऊन येशूच्या जखमेत बोट घालतो म्हणत होता?"

"येशू खरंच उठला का, अशी त्याला शंका होती, बाबा."

"शंका नाई वं. आठवण येऊन राह्यली होती त्याले."

मंजुषा हसली. "याला तत्त्वज्ञान म्हणत नाहीत."

"नसन म्हणत. तू मार्क नको देऊ. शेंगा सोल."

आर्वीच्या डोमाजी सुतारानं मला जुन्या सागवानातून घडवलं, ते पुंडलिकरावांच्या लग्नाच्या वर्षी. पाहुणे माझ्या पितळी कड्यांचं कौतुक करत. मंजुषा माझ्यावरच झोपायला शिकली. पुढे घरात सोफा आला आणि माझ्यावर वाळलेले कपडे पडू लागले. ते बाजूला सारून पुंडलिकराव मात्र माझ्यावरच बसत. त्यांची बायको भागीरथाबाई गेल्या तेव्हापासून त्यांच्या शेजारची जागा रिकामी असे. रविवारी तिथं मंजुषा बसे. ती वादासाठी येत नाही, बापाजवळ बसायला येते, हे मला तिच्या बसण्यावरून कळे. तिनं ते कधी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मित्रांनो, माझ्या कड्यांना तेल हवं असलं की त्या कुरकुरतात. माणसं कुरकुरत नाहीत. म्हणून त्यांच्याशी बोलायचं ते वेळेवर बोलून घ्यावं.

बुधवारी सकाळी पुंडलिकराव उठलेच नाहीत.

सुतकात आमच्या घरी बंगईवर कोणी बसत नाही. माझी फळी कड्यांतून काढून भिंतीशी उभी केली. जिथं त्यांना निजवलं होतं, तिथं ज्वारीचं पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर टोपली झाकली. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, त्याचं पाऊल पिठात उमटतं, असं इकडे मानतात; पाखराचं उमटलं तर जीव देहातून सुटला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण सुमित्राबाई हिनं टोपली उचलली.

"पाखराचं पाऊल हाय! पाहा वं मंजे. माहा भाऊ सुटला. देहाची कटकट गेली त्याची."

बायांनी हात जोडले. कोणीतरी म्हणालं, पुण्यवान माणूस. मंजुषा पिठाजवळ बसली. देह म्हणजे तुरुंग, हे तिचं आवडतं मत खरं ठरलं होतं. ती काहीतरी नेमकं बोलेल असं मला वाटलं. ती त्या बारीक रेघांवर वाकली.

"सुटाले कोणं सांगतलं होतं, बाबा?" ती मोठ्यानं म्हणाली. "मले तुम्ही पाह्यजे होते. त्या खोकल्यासकट, त्या दुखऱ्या गुडघ्यायसकट. नुसता जीव घेऊन मी काय करू?"