पश्चिमेकडचं मैदान

"पुन्हा हलवलीत शाळा?" पोह्यांची बशी टेबलावर ठेवत मी विचारलं.

ह्यांनी खोडरबराची पूड फुंकली. नागापूरच्या पुढे ज्या नव्या वसाहती झाल्यात, त्यांच्या आराखड्याची प्रत टेबलभर पसरली होती. प्राथमिक शाळेचा चौकोन आधी वसाहतीच्या मधोमध होता. आता तो हायवे ओलांडून थेट ओढ्याच्या काठी जाऊन बसला होता.

"ओढ्यात शाळा? पोरांना पोहायला शिकवणार आहात का?"

"तांत्रिक अडचण आहे," एवढंच म्हणाले.

यज्ञेश्वर क्षीरसागर म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. सगळी नोकरी नगररचना कार्यालयात गेली. गावं फुगत गेली तसतसे हे नकाशावर शाळा, दवाखाने, बागा आखत गेले. त्यातल्या कितीतरी जागांवर पुढे मंगल कार्यालयं उभी राहिली, तरी ह्यांनी हूं की चूं केलं नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. असा माणूस निवृत्तीला आल्यावर एका शाळेसाठी साहेबांशी वाद घालतोय, याचं मला नवल वाटत होतं. मी स्वतः जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. शाळा कुठं असावी हे मला कुणी सांगायला नको होतं.

दुपारी पूजा आली. माझी जुनी विद्यार्थिनी. नवरा एमआयडीसीत फिटर, धाकटा मुलगा आता पहिलीत जाणारा.

"बाई, सरांना सांगा ना जरा," ती म्हणाली. "शाळा आमच्या कॉलनीतच होनार होती. आता म्हनं हायवेपल्याड. ट्रेलर थांबत्यात का कुनासाठी? परवाच आमच्या गल्लीतलं पोरगं थोडक्यात वाचलं. अन् जागा तर रिकामीच पडलीय. कुनी काई बांधत न्हाई तिथं."

"का बांधत नाही?"

"काय म्हाईत. पोरांचा बॉल गेला तरी आनायला जात न्हाईत. भ्या वाटतं म्हन्त्यात."

मी तिच्या स्कुटीवर मागं बसले. हे आतल्या खोलीत झोपले होते, त्यांना उठवलं नाही.

चारी बाजूंना बंगले, दारात टाइल्स, गच्चीवर टाक्या, आणि मधे हा तुकडा. गवत, थोडी बोरीची झुडपं, जागोजाग दगडांचे लहान लहान ढीग. आजूबाजूला एवढी बांधकामं चाललेली, पण कुणी इथं राडारोडा टाकलेला नव्हता. पूजाची गल्ली दोन घरं सोडून होती, तरी तिथला आवाज इथं येत नसल्यासारखं वाटत होतं. मी पुढं पाऊल टाकलं.

"तिकडं नगा जाऊ, बाई."

कडेला एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. तिच्या शेळ्याही त्या तुकड्याच्या बाहेरच चरत होत्या. पूजा म्हणाली, ह्या राहीबाई, जुन्या वस्तीवरच्या.

"का हो आजी?"

"तान्ह्या लेकरांची जागा हाय ती. जाळायच्या वयाच्या आदीची, पुरल्याली. आमच्या वस्तीची तर हायेतच. पर शहरातनं बी आनायचे. मोठ्या दवाखान्यातनं, सायकलीवर, फडक्यात गुंडाळून. कुदळ आमच्याकडनंच न्यायचे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माजी बी दोन हायेत."

मी टाकलेलं पाऊल मागं घेतलं. आमचं पहिलं मूल मोठ्या दवाखान्यातच गेलं होतं. मुलगा होता. बारसंही झालं नव्हतं. हे आणि ह्यांचे मामा त्याला घेऊन गेले. मामा तेव्हा नागापूरच्या एका कंपनीत होते. मी खाटेवर पडून राहिले, आणि दूध येतच राहिलं. ते कुणाला कळत नाही, ते येतच राहतं. कुठं ठेवलंत त्याला, म्हणून मी विचारायची. हे म्हणायचे, लांब. पुढं रुचा झाली, मोठी झाली, तिचं लग्न झालं. मी विचारायची थांबले, पण रस्त्यानं जाताना कुठलंही माळरान दिसलं की नजर तिकडं जायचीच.

"अजून येतं का कुणी?" मी विचारलं.

"कोन येतंय. येक मानूस येतो दर साली, संक्रातीच्या आदी. चष्मेवाला. रुमाल हातरून बसतो, बोलत न्हाई. उठला की रुमाल झटकतो अन् चार घड्या घालून खिशात ठिवतो."

ते रुमाल मीच इस्त्री करते. आणि दर वर्षी संक्रांतीच्या आधी, बाळ गेलं त्या दिवसाला, ह्यांना पारनेरला साइट बघायला जायचं असतं.

घरी आले तेव्हा हे चहा टाकत होते. मी चप्पलही न काढता म्हटलं, "शाळेच्या जागेवर जाऊन आले. तिथं शेळ्या राखणाऱ्या राहीबाई भेटल्या."

ह्यांनी गॅस बंद केला. पातेलं खाली उतरवलं.

"पाया खोदायला जेसीबी आणतात गं," म्हणाले. "आठ-आठ फूट खाली जातात. काय वर येईल ते येईल. मी कसा आखू तिथं शाळा?"

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"बाळंतिणीला सांगायचं नसतं म्हणाली आई. मग राहिलंच."

"राहिलंच? किराणा आहे का तो, राहायला?"

मला त्यांचा भयंकर राग आला. एकटेच जात होते. एवढी वर्षं माझ्या पोराला हे एकटेच भेटून येत होते. मी जाऊन आतल्या खोलीत बसले. खूप रडले. रडून झाल्यावर पूजाचा मुलगा डोळ्यांसमोर आला, हायवेच्या कडेला दप्तर घेऊन उभा असलेला. माझं पोर सांभाळायचं म्हणून हे दुसऱ्यांची पोरं ट्रेलरखाली घालायला निघाले होते, आणि ते त्यांना दिसत नव्हतं.

सकाळी मी म्हटलं, "चला. नकाशा घ्या."

राहीबाई तिथंच होत्या. ह्यांना बघून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि समजल्या.

मी विचारलं, "आजी, इथं शाळा झाली तर चालेल का तुम्हाला?"

"खनतील की."

"कुठं खणलेलं चालेल?"

त्यांनी काठीनं पूर्वेची बाजू दाखवली. "त्या अंगाला खडक हाय. कुदळ चालत न्हाई. तिथं कुनी न्हाई."

"मग तिकडं इमारत. आणि इकडं नुसतं मैदान. खड्डा खणायचा नाही, झाडसुद्धा लावायचं नाही."

हे म्हणाले, "मुलं वरून पळतील, विजया."

राहीबाईच बोलल्या. "पळू द्या की. ती बी पोरंच हायेत. लई दिस एकटी ऱ्हायलीत."

ह्यांनी गुडघ्यावर नकाशा ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली. रेघ वाकडी गेली, ती त्यांनी खोडली नाही. साहेबांना उद्याच सांगतो म्हणाले, जागा पहिलीच बरोबर होती.

राहीबाई शेळ्या घेऊन पुढं गेल्या. मी म्हटलं, "आता दाखवा."

हे चार पावलं चालले, थांबले, मागं आले. "एक बाभळ होती. तिच्या खाली. पण बाभळ कुणीतरी तोडली. इथंच कुठंतरी." इंचाइंचाचा हिशेब ठेवणारा माणूस, हात नुसता हवेत फिरवत होता. "मी अंदाजानंच बसतो."

मी खाली बसले. मातीवर हात ठेवला. उन्हानं ती तापली होती.

"तेव्हा थंडी होती हो," मी म्हटलं. "काही घातलं होतंत का त्याला?"

"माझा स्वेटर."

लग्नानंतर मी विणलेला, तपकिरी. पारनेरच्या एसटीत राहिला म्हणून सांगितलं होतं ह्यांनी. मी किती बोलले होते त्यावरून. पाहुण्यांपुढं, रुचापुढं, जावयापुढंसुद्धा. ह्यांना वस्तू सांभाळता येत नाहीत, बायकोनं विणलेलं एसटीत सोडून येतात. सगळे हसायचे. हेही हसायचे, आणि चुकलंच माझं म्हणायचे.

माझा हात मातीवरच होता.

"बटणं लावली होतीत?" मी विचारलं.

"सगळी," ते म्हणाले.